मिलिंदच्या नावाने आलेलं पार्सल

बायको चारचौघांत सांगते, यांच्या पोटात काही राहत नाही. ही एक गोष्ट राहिली आहे — वीस वर्षं होत आली. तिलाही सांगितलेली नाही.

साल २००४. जर्सी सिटीत मी आणि मिलिंद एका फ्लॅटमध्ये राहायचो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. दोघंही व्हिसावर आलेले प्रोग्रॅमर. मिलिंद साधा माणूस. मित्रांनी पत्ते काढले की तो चहा करायला उठायचा.

मी मात्र एक उद्योग शोधला होता. परदेशातून चालणाऱ्या बेटिंगच्या वेबसाइट नव्या गिऱ्हाइकाला बोनस द्यायच्या. एका साइटवर एका टीमवर पैसे लावायचे, दुसरीवर तिच्या विरुद्धच्या टीमवर. कोणीही जिंको, बोनस आपला. हा जुगार नाहीच, असं मी स्वतःला सांगायचो — गणित आहे. पण गणित साइटवाल्यांनाही येतं. फक्त बोनसपुरता येणारा, सेंटापर्यंत मोजून पैसे लावणारा माणूस त्यांना लगेच कळतो. मग ते दोन-चार डॉलरचं लिमिट लावतात आणि खातं निकामी होतं. माझं झालं.

मग मी काय केलं? भाड्याच्या करारासाठी काढलेली मिलिंदच्या लायसन्सची कॉपी ड्रॉवरमध्ये होती. त्याच्या नावाने खातं उघडलं. त्याला न विचारता. आणि या वेळी जपून वागलो. आकडे गोल ठेवले. न्यूयॉर्कच्या टीमवर आंधळ्या चाहत्यासारखे पैसे लावले, अधूनमधून मुद्दाम हरलो, जिंकल्यावर पैसे लगेच काढले नाहीत. त्या खात्यात हळूहळू एक माणूस तयार झाला — उतावळा, हौशी, हरला तरी परत येणारा. त्याचं नाव मिलिंद होतं. लिमिट लागलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा — हे लिहिणं जड जातंय.

त्या हिवाळ्यात मिलिंदचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी नाशिकची. दोघं फोनवर तासन्‌तास बोलायचे. तिचे मामा अमेरिकेतच, श्रूजबरीला डॉक्टर होते. मुलगा कसा राहतो ते बघायला एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले. मिलिंदने भरली वांगी केली होती. आदल्या दिवशी त्याच्या नावाने आलेलं एक पार्सल टेबलावर होतं, ते त्याने बोलता बोलता उघडलं. आत एक टी-शर्ट, आणि पत्र: आमच्याकडे नेमाने खेळता, मनापासून आभार. वर बेटिंग साइटचं ठळक नाव, खाली मिलिंदचं पूर्ण नाव.

मिलिंद हसला. टी-शर्ट अंगाला लावूनही पाहिला. म्हणाला, कोणीतरी घोळ केलाय. मामा हसले नाहीत.

मला तिथेच बोलता आलं असतं. नाही का?

निघताना मामा मला म्हणाले, गाडीपर्यंत चला. फुटपाथवर थांबून त्यांनी विचारलं, "भाचीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणून विचारतो. तो खेळतो का हो?"

"मला त्याने कधी पैसे मागितले नाहीत, काका," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. त्यातून ते काय समजतील हेही मला माहीत होतं — बोलायच्या आधीच. ग्रीन कार्डाचं काम चालू होतं, नोकरी जायची भीती होती, असं पुढे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. एका वडीलधाऱ्या माणसासमोर मला चांगलं दिसायचं होतं. एवढंच. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्यासारखा मित्र त्याला आहे हे बरं आहे, म्हणाले.

पंधरा दिवसांत नकार आला. मुलीने फोन उचलणं बंद केलं. मिलिंद दोन दिवस ऑफिसला गेला नाही. मग एका संध्याकाळी, मी बूट काढत असताना, त्याने विचारलं, "यार, तू तर माझ्यासोबत राहतोस. मी कसा आहे ते मामांना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्याने माझे आभार मानले. मी ते ऐकून घेतले.