न नासणारे दूध

"बाळाला दूध कुणाचे?" डॉक्टरांनी हे विचारले तेव्हा आम्हाला इस्पितळात तीन दिवस झाले होते. तीन दिवस नुसते जुलाब थांबायचे औषध चालले होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मांडीवर तिची आठ महिन्यांची छबी होती. अंग भाजल्यासारखे लाल, मांड्यांची कातडी सोलून निघालेली, पोटात घोटभरही ठरत नव्हते.

"गवळ्याचं. लई चांगलं हाय," अक्का म्हणाली. ती दिवसभर गिरणीत असते. "सकाळचं दूध दिवं लागंस्तवर नासत न्हाय."

"त्याचे दही लागते का?"

अक्काच्या सासूबाई बोलल्या, "न्हाय की. म्हैना झाला, विरजण घालून घालून दमले. सांगितलं तर ही म्हनती, तुमचं विरजणच जुनं."

डॉक्टरांनी उरलेले दूध मागवून तपासले आणि निदान सांगितले: बोरिक पॉयझनिंग. बोरिक म्हणजे डोळे धुवायची पांढरी पूड. दूध टिकावे म्हणून घालतात. मोठ्यांना चटकन कळत नाही, तान्ह्याच्या अंगात ती रोज थोडी थोडी साचते. "हे दूध आजपासून बंद," ते म्हणाले. "दोन दिवस काही सांगता येत नाही."

आता माझे ऐका. आमच्या तरुण मंडळाचे पत्रक मीच लिहिले होते: 'जे दूध सांजेपर्यंत नासत नाही ते शुद्ध समजावे.' गवळ्यांच्या घाणेरड्या भांड्यांवर टीका करायची म्हणून लिहिले. कुणाला विचारले नाही. चाळीत दारोदार वाटले, पहिले अक्काला दिले.

संतापून गवळ्याकडे गेलो. "पोरीच्या जिवावर उठलास," म्हणालो.

"दादा, चार कोस उन्हातनं आणतो," तो म्हणाला. "दुपारी नासलं की बाया तुमचाच कागद नाचवत्यात. डाक्टर ह्याच पुडीनं डोळं धुत्यात, मग इख कसं? माझी पोरंबी हेच पित्यात."

तिथून तक्रार द्यायला नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, पाणी घातले असेल तर बोला, पूड घालू नये असा नियम दाखवा. नियम माझ्याकडे कुठला? तासभर बाकावर बसवून त्याने मला उद्या या म्हटले. दुसऱ्या दिवशीही तेच. इकडे पोरगी डोळे उघडत नव्हती आणि मी अर्जाचा मसुदा करत बसलो होतो.

पाचव्या दिवशी छबीची अडलेली लघवी सुटली. डॉक्टर पहिल्यांदा हसले. सहाव्या दिवशी समोर धार काढलेले शेळीचे दूध, उकळून, पाणी घालून, चमच्याने दिले. ते पोटात ठरले. बाराव्या दिवशी छबी घरी आली. त्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडावे कळत नाही. दह्याची गोष्ट त्यांनी विचारली, आम्ही घरात असून विचारली नाही.

अक्का माझ्याशी बोलत नव्हती. नवे पत्रक लिहून मी तिच्या घरी वाचून दाखवले. अर्धे पान गवळ्याला शिव्याच होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "त्याचं मागनं बघ. तुजं आदी लिव्ह की."

अक्काने छबीला खांद्यावर घेतले. "व्हय," एवढेच म्हणाली.

शिव्या खोडल्या. पत्रक उद्या छापून येईल. त्याची पहिली ओळ अशी आहे: आमच्या मागील पत्रकातील मजकूर चुकीचा होता, आणि त्यावर विसंबलेल्या घरातले मूल मरता मरता वाचले.