वेळावदरच्या वाटेवर आईची बडबड

वेळावदरला जायचं ठरवलं आबांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळ्या नातेवाइकांनी खापर माझ्या डोक्यावर फोडलं.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. माझे वडील, म्हणजे आबा, वीस वर्षं भडगावहून केळीचा ट्रक घेऊन गुजरातेत जायचे. भावनगरच्या अलीकडे, आखाताला लागून काळविटांचं राष्ट्रीय उद्यान आहे, हे त्यांनी कितीदा सांगितलं असेल! पण माल उतरवायचा आणि माघारी फिरायचं, बघायला सवड कुठली? ट्रक विकला तेव्हा म्हणाले, "आते जाऊत."

मी जळगावला शाळेत शिकवायचे. शनिवार-रविवारच्या मागे-पुढे एकेक रजा जोडली आणि उद्यानाच्या विश्रामगृहाला महिनाभर आधी पत्र टाकलं. तुम्हीही हिवाळ्यातच जा, पावसाळ्यात उद्यान बंद असतं. मला नवंकोरं लायसन्स मिळालं होतं, पण घरच्या जुन्या जीपचं स्टिअरिंग आबा सोडतील तर शपथ! वर अट अशी की गाडी फक्त दिवसाउजेडी चालणार.

शुक्रवारी उजाडताच भडगावहून निघालो. पारोळा, धुळे, साक्री. आई पुढे, मी मागे. आईचं तोंड एक मिनिट बंद नाही. "बैलगाडी शे." "म्हशी उतरी राहिन्यात." "ट्रक उना, मोठा शे." कोंडाईबारीच्या घाटात तर मी वैतागलेच. म्हटलं, "आई, त्यांना गाडी चालवू दे की गं!" आबा हसले, "बोलू दे तिले." वळणं मात्र अशी घेतली की बघत राहावं. पुढचा उतार, अरुंद पूल, सगळं यायच्या आधीच सांगायचे. वाटलं, काय माणूस आहे!

नवापूरपुढे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा अशी शिदोरी सोडली. भरूचला धर्मशाळेत स्वस्तात मुक्काम. दुसऱ्या दिवशी बडोदा, मग धोलेऱ्याकडचा सपाट, खारट मुलूख. वाटेत एका ढाब्यावर बाजरीचा रोटला आणि भाजलेल्या वांग्याचा ओळो मिळाला. आईने घास घेतला आणि म्हणाली, "हाई ते आपलंच भरीत!"

दुपार कलली तेव्हा उद्यानात शिरलो. कमरेएवढं पिवळं गवत, त्यावरून येणारा खारा वारा, आणि एकदम काळविटांचा कळप! पिळदार शिंगं, काळी-पांढरी अंगं, आणि एकामागून एक अशा उड्या की बाई गं! माझ्या अंगावर काटा आला. आईने तोंडावर पदर धरला. सकाळपासून पहिल्यांदाच ती गप्प झाली होती.

"दिखनात, दिखनात! कसा रुबाब शे!" आबा म्हणाले.

उद्यानाचा रखवालदार हळूच म्हणाला, "काका, पेली बाजु जुओ." त्याने आबांच्या पाठीमागे बोट दाखवलं. आबा रिकाम्या गवताकडे बघत होते.

आई रडवेली होऊन म्हणाली, "दिवाळीपासून धूसर दिखस त्यास्ले. मोतीबिंदू शे. ऑपरेशनले भेवतस." म्हणजे इतका रस्ता पाठांतरावर आणि आईच्या बडबडीवर चालला होता! मी चिडले, ओरडले. एवढ्यांचा जीव धोक्यात घातला म्हणून नाही नाही ते बोलले. आबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

येताना गाडी मी चालवली. आबा शेजारी बसून सांगत होते, "आते उतार शे, गियर बदल. पुढे पूल, हॉर्न मार." एकदाही चुकले नाहीत. मागच्या सीटवर आई भडगावपर्यंत गाढ झोपली.

महिन्याभरात जळगावला ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला, सगळं लख्ख दिसायला लागलं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत गेलो आणि आबांनी काळविटं डोळे भरून पाहिली. त्या गवताळ माळासारखं देखणं काही मी अजून पाहिलेलं नाही.

पण माझ्याजवळ राहिलं ते घरचं. संध्याकाळी ओट्यावर बसले की आबा अजून आईला विचारायचे, "कोन ई राहिनं वं?" मग आई येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव सांगायची. एकदा मी टोकलंच, "आबा, आता तर दिसतं ना तुम्हाला?"

"दिखस ना पोरी," ते म्हणाले. "पन तुनी माय सांगस ना, तवय जास्ती चांगलं दिखस."