राणीची चाल

गडमुडशिंगीच्या बाबालाल नदाफाचा आवाज लहानपणी इतका गोड होता, की उरसात कव्वालीला त्याला मोठ्या माणसांच्या पुढं बसवायचे. तो आवाज ऐकून कोल्हापुरात मुक्कामाला आलेल्या एका नाटक कंपनीच्या मालकानं बापाकडं पोरगं मागितलं. बापाचा कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. बाबालाल कंपनीबरोबर गेला आणि ऐन तारुण्यापर्यंत बायकांची कामं करत गावोगाव हिंडला. आधी सखी झाला, मग नायिकेची बहीण, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला राणी.

राणी म्हणून तो दरबारात यायचा तेव्हा बायका मुद्दाम पुढच्या रांगेत बसायच्या म्हणे. त्याची नेसण्याची तऱ्हा बघायला. हे त्यानंच घरात सांगितलेलं, पण सांगताना फुशारकी नसायची, म्हणून खरं वाटायचं.

पुढं बोलपट आले, नाटकांतून बायकाच कामं करू लागल्या आणि कंपनी मोडली. बाबालाल गावाकडं परतला तो लांब केस घेऊनच. केस दुसऱ्या दिवशी कापले, पण गावानं ठेवायचं ते नाव ठेवलंच. पारावरची माणसं तो दिसला की 'राणीसायब आल्या, वाट सोडा' म्हणायची. कापूस पिंजायला एखाद्या घरी गेला तर पोरंटोरं कमरेवर हात ठेवून मागून यायची. फार उशिरा त्याचं लग्न झालं, कागलकडच्या इमामबीशी. त्या वरातीतसुद्धा कुणीतरी तेच ओरडलं. बाबालाल घोड्यावर खाली मान घालून बसून राहिला. त्यानंतर चारचौघांत त्यानं कंपनीचं नाव काढलं नाही.

घरातली गोष्ट निराळी. त्याला एकच मुलगी झाली, हाफिजा. ती चार-पाच वर्षांची असताना एकदा तापानं फणफणली होती, काही केल्या निजेना. तेव्हा बाबालालनं इमामबीचं लुगडं खांद्यावरून घेतलं आणि राणी दरबारात कशी येते ते तिला दाखवलं. पाऊल आधी हळू टेकायचं, मग अंग त्याच्यामागून येऊ द्यायचं, मान कुणाकडं वळवायची नाही. पोरगी टक लावून बघत राहिली. ती हसली नाही. पुढं तिला सवयच लागली. सणावाराला, जेवणं झाली की म्हणायची, "अब्बा, राणी दावा की." पेटीत त्याचा राणीच्या वेषातला एक फोटो होता, तोही ती काढून बघायची. त्याच्या कामाला एवढा एकच प्रेक्षक उरला होता, आणि तेवढा त्याला पुरत होता.

सहासष्ट साली त्याला कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूला असलेल्या एका कलाभवनात नोकरी लागली. दालनं उघडायची, झाडून घ्यायची, आणि शाळा-कॉलेजच्या सहली आल्या की पोरांना सगळं फिरवून दाखवायचं. थंडीच्या दिवसांत सहलींची रीघ लागायची. बाबालालचं बोलणं ऐकत राहावं असं असल्यामुळं मास्तरलोक खूश असायचे. शहरात त्याला कुणी राणीसायब म्हणत नव्हतं. तिथं तो नदाफमामा होता.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर कलाभवनात जुन्या नाटकांचं एक दालन उघडायचं ठरलं. कुणा जुन्या घराण्यानं फोटोंची एक पेटी दिली होती. काचा पुसायचं काम बाबालालकडं आलं. एक काच पुसता पुसता खालून तो स्वतःच वर आला. नथ घातलेला, पदर सावरलेला, घरातल्या पेटीत होता तोच फोटो, फक्त मोठा.

व्यवस्थापक हंबीरराव तरुण गृहस्थ होते, कामात चोख. त्यांनी विचारलं, हा नट कोण, तुम्हाला काही माहीत? बाबालाल म्हणाला, असेल कुणीतरी, त्या काळात असले पुष्कळ होते. हंबीररावांनी फोटोखाली 'स्त्रीभूमिकेतील एक नट' अशी पट्टी लावली. फोटो भिंतीवर टांगायला बाबालालनंच खिळा ठोकला.

पहिल्याच आठवड्यात राजारामपुरीकडच्या एका कॉलेजची पोरं आली. फोटोपुढं थांबून एकानं कमरेवर हात ठेवला, दुसऱ्यानं शिट्टी मारली. बाबालालच्या कानात वरातीतलं ते ओरडणं घुमलं. आता ही पोरं आपल्या तोंडाकडं बघतील आणि फोटोकडं बघतील, या भीतीनं त्याला घाम फुटला. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तोही त्यांच्यात सामील झाला. खांद्यावरचं फडकं डोक्यावर घेतलं, कुल्ले हलवत, डोळे मिचकावत दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "असली व्हती बघा त्या वक्ताची राणी." पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

कुणाला संशय आला नाही. त्याला मोकळं वाटलं. पुढच्या सहलीला त्यानं ते पुन्हा केलं, त्याच्या पुढच्या सहलीला मास्तरांनीच मागितलं. हळूहळू शाळाशाळांतून बातमी झाली, की कलाभवनातला नदाफमामा राणीची नक्कल फार झकास करतो. फोटोपुढं आलं की सगळे त्याच्याकडंच बघायचे. फोटोकडं कुणी बघत नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं. घरी मात्र यातलं त्यानं काहीच सांगितलं नाही. हाफिजानं राणी मागितली तर दमलोय म्हणायचा.

हाफिजा आता आठवीत होती, शहरातल्या मुलींच्या शाळेत. दोघं सकाळी एकाच एसटीनं यायची. फेब्रुवारीत तिची सहल कलाभवनात येणार असं कळलं, तेव्हा बाबालालनं हंबीररावांकडं रजा मागितली. हंबीरराव म्हणाले, सहलीच्या दिवसांत तुम्हीच नसलात तर कसं चालेल? बाबालालनं मनाशी ठरवलं, त्या दिवशी नक्कल करायची नाही, नाटकाचं दालन झटकन उरकायचं.

मुली रांगेनं आल्या. बरोबर शिंत्रेबाई होत्या, त्या महिन्याभरापूर्वी दुसरा वर्ग घेऊन येऊन गेल्या होत्या. हाफिजा रांगेत मधे कुठंतरी होती आणि मैत्रिणींना हळूच सांगत होती, ते माझे अब्बा. चित्रं झाली, मूर्ती झाल्या. नाटकाच्या दालनात बाबालाल भरभर बोलत पुढं सरकला, तसं शिंत्रेबाईंनी थांबवलं. मामा, ती राणीची चाल राहिली, मुलींना दाखवा, असं त्या हौसेनं म्हणाल्या.

हाफिजाचा चेहरा एकदम उजळला. घरात पाहिलेलं आता सगळा वर्ग पाहणार असं तिला वाटलं असावं. ती टाचा उंचावून पुढं झाली. बाबालालनं टाळायचा प्रयत्न केला, गुडघा दुखतोय म्हणाला. मुलींनी गिल्ला केला. शेवटी त्यानं फडकं डोक्यावर घेतलं, मुलीकडं न बघता, आणि रोजच्यासारखंच कुल्ले हलवत, डोळे मोडत चालला.

मुली हसू लागल्या. त्या हसण्यातून हाफिजाचा आवाज आला.

"माझे अब्बा असं चालत न्हवते. ह्यो फोटो त्यांचाच हाय."

शिंत्रेबाईंनी फोटोकडं पाहिलं, मग बाबालालकडं. विचारलं, "खरं का हो मामा?"

तिला खरी ठरवायला बाबालालचा एकच शब्द पुरला असता. तो म्हणाला, "न्हाय बाई. लेकरू हाय, काय तरी बोलतंय."

शिंत्रेबाई रागीट नव्हत्या, पण शिस्तीच्या होत्या. त्यांनी हाफिजाला सांगितलं, की मोठेपणा मिरवायला खोटं बोलू नये, आणि तिला रांगेच्या शेवटी उभं केलं. हाफिजा रडली नाही, भांडलीही नाही. एकदाच बापाकडं पाहिलं आणि शेवटी जाऊन उभी राहिली. बाबालालनं पुढची वाद्यं दाखवली. कुठलं वाद्य कशाचं, हे त्या दिवशी तो दोनदा चुकला.

संध्याकाळी ती त्याच्यासाठी थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळची आधीची एसटी धरू लागली. वर्गात मुली तिला खोटारडी म्हणतात, हे त्याला इमामबीकडून कळलं. इमामबीनं चुलीपुढून न उठता एवढंच म्हटलं, "त्यापरास तिला मारली असती तरी चाललं असतं." बाबालाल जेवायला बसला होता तो पानावरून उठला.

चार-पाच दिवसांनी पुन्हा एक कॉलेज आलं. फोटोपुढं येताच पोरांनी नकलेचा आग्रह धरला. बाबालाल उभा राहिला. सगळ्यांकडं बघून म्हणाला, "ह्यो फोटो माझा हाय. मीच राणी व्हायचो."

पोरं खो खो हसली. त्यांना तोही नकलेचाच भाग वाटला. एकजण म्हणाला, मग चालून दाखवा की राणीसाहेब. बाबालालला वाटलं, ठीक आहे, बघा मग. त्यानं क्षणभर डोळे मिटले, फडकं पदरासारखं घेतलं आणि पाऊल उचललं. पण पाऊल हळू टेकेना. कंबर आपोआप हलली, डोळा आपोआप मिचकावला गेला. थांबून पुन्हा सुरुवात केली, तरी तेच. इतके महिने जी चाल हसवायला केली होती, तीच आता अंगात बसली होती आणि दुसरी कुठं गेली ते सापडत नव्हतं. पोरं टाळ्या वाजवत होती. बाबालाल दालनातून बाहेर पडला आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन कितीतरी वेळ बसला. गावानं इतकी वर्षं चिडवलं, तेव्हा आपल्यापाशी निदान ती चाल होती, आता तीही गेली आणि ती दुसऱ्या कुणी नेली नव्हती, हे त्याला तिथं बसून पुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून शाळेत गेला. शिंत्रेबाईंना म्हणाला, मला वर्गात दोन शब्द बोलू द्या. बाईंनी कारण ऐकलं, जरा घुटमळल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. बाबालाल फळ्यापुढं उभा राहिला.

"त्या दिवशी हाफिजा खरं बोलली," तो म्हणाला. "खोटं मी बोललो. फोटो माझा हाय. मला लाज वाटत व्हती, म्हनून बोललो."

शिंत्रेबाईंनी तिथल्या तिथं हाफिजाची माफी मागितली. एवढ्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी एक, आणि एका मुलीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. हाफिजानं मान इतकी खाली घातली की तिचा चेहरा दिसेना. बाबालाल बाहेर आला तेव्हा त्याला समजलं, की आजवर त्याच्या मागं लागलेलं ते नाव आता पोरीच्या मागं लागणार. खोटं बोलून तिला एकदा एकटं पाडलं, आणि खरं बोलून दुसऱ्यांदा.

तसंच झालं. राणीची राजकन्या म्हणून मुलींनी तिला बरेच दिवस पिडलं. परीक्षा आल्या, तशा त्या विसरल्या. हाफिजा मात्र लगेच विसरली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी दोघं विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. वाटेत घागर खाली ठेवून तिनं विचारलं, "अब्बा, तुमी सोताची नक्कल कशापायी करायचा?"

"दुसऱ्यानं हसायच्या आदी आपुन हसलं, तर कमी लागंल असं वाटलं," बाबालाल म्हणाला.

"मग लागलं का कमी?"

"न्हाय."

तिनं घागर उचलली आणि पुढं चालू लागली. त्यानंतर ती पुन्हा त्याच्या एसटीनं येऊ लागली, पण राणी दाखवा असं तिनं परत कधी म्हटलं नाही, आणि तोही आपण होऊन कधी उठला नाही.

हंबीररावांना त्यानं सगळं सांगितलं. ते थोडे चिडले, आधी का बोलला नाहीत म्हणाले, आणि फोटोखालची पट्टी बदलली. तिच्यावर बाबालाल नदाफ, गडमुडशिंगी, असं लिहिलं. नक्कल बंद झाली. सहली येत राहिल्या. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ऐंशी सालापर्यंत, तोच पोरांना त्या दालनात घेऊन जायचा आणि फोटोपुढं आलं की सांगायचा, हा मी. काही पोरं गप्प होऊन बघायची, काही हसायची. हसली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि नजर जमिनीकडं जायची. त्याची लाज काही गेली नाही. पण पोरांचं हसून होईस्तोवर तो तिथंच उभा राहायचा, आणि मग पुढचा फोटो सांगायला घ्यायचा.