धुळीतले तीन शिपाई

डिसेंबर १९६४, शनिवार सकाळ, घिवलीचा किनारा. हजर: होड्यांवरची मासळी उतरवणाऱ्या पंधरावीस बाया, आमच्या बोईसरच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर आणि त्यांना शोधत आलेली मी, त्यांची मुख्याध्यापिका. मास्तर वाळूत उकिडवे बसलेले. टाक कानावर, शाई तळहातावर.

सोमवारी शाळेत चित्रप्रदर्शन. तपासणीला साहेब येणार. मास्तरांची नोकरी तात्पुरती. त्यांचं एक मोठं, पुरं केलेलं चित्र पाहून ती कायम करायची की नाही, ते ठरणार होतं. आणि हे इथे मासळीच्या पाट्यांची रेटारेटी बघत बसलेले!

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या काळजीने आपण झुरायचं आणि ते निवांत.

त्यांच्याजवळ एका जुन्या परदेशी पुस्तकाचं सुटं पान होतं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडच्या कुणी शाईने काढलेली घोडदळाची लढाई. उलटे पडलेले घोडे, भाले, कोण कुणाला मारतोय कळू नये असा गोंधळ. "बाई, एक तरी रेघ जागेवर उभी आहे का बघा," ते म्हणायचे. तशीच लढाई त्यांना आपल्या स्वारांची काढायची होती. गर्दी कशी रेटते, ते शिकायला हा किनारा.

एक मावशी त्यांच्या खांद्यावरून डोकावली. "मास्तर, ही मीच हाय ना? पाटी काढून तरवार दिली! आन घोडं कुठं बघलं तुमी? आमच्या गावात तं नाय."

"तुमचा आवाज ऐकला, मावशी. घोडा तेवढ्यावरच काढला."

रविवारी दुपारी चित्र शाळेत आलं. मी सवयीने मोजलं.

"घोडे अकरा, पाय एकतीस. उरलेले तेरा?"

"धुळीत."

"आणि मधे हा एवढा कोरा कागद?"

"तीच धूळ. सगळी लढाई तिच्याभोवती फिरतेय, बाई."

"साहेबांना चित्र अपुरं वाटेल."

"वाटू दे."

ते जेवायला गेले. माझा धीर सुटला. त्यांचाच टाक घेतला आणि कोऱ्या जागेत तीन शिपाई काढले. ताठ, हातपाय पुरे. त्यांच्या भल्यासाठीच.

सोमवारी साहेब नेमके तिथेच थांबले. "बाकी हात चांगला आहे. पण मधल्या या तीन लाकडी बाहुल्या कुणाच्या?"

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्याच," ते म्हणाले.

मी चहाचे कप पुरेसे आहेत का ते बघायला आत गेले.

नोकरी कायम झाली नाही. मास्तर बहिणीकडे एडवणला निघाले, तेव्हा चित्राची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, तेवढी मधली जागा मोकळी करा."

वाळलेली शाई ब्लेडने खरवडावी लागते. जोर केला की कागद फाटतो. एक शिपाई निघाला आहे. दोन बाकी आहेत.