आमच्या मिलचा दहावा माणूस

लातूर जिल्ह्यातले व्यापारी इन्कम टॅक्सवाल्यांना एक वेळ चहा पाजतील, पण माझ्या वडिलांचे एक मित्र लांबून येताना दिसले की शटर ओढून घेतात. निलंग्याकडच्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात या गृहस्थांनी उभी हयात कामगारांची हजेरी घेतली, आणि निवृत्त झाल्यावरही ती घ्यायची थांबवली नाही. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. कुठल्याही दुकानात शिरण्याआधी अप्पा दाराशी थांबतात, नोकरांच्या चपलांचे जोड मोजतात आणि मगच मालकाला नमस्कार करतात. दहा जोड भरले की मालकाचं काही खरं नाही. दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं प्रकरण, लागू होतं, मालकाने आणि कामगाराने मिळून दरमहा वर्गणी भरायची आणि आजारपणात कामगाराला औषधपाणी, शिवाय घरी बसल्या पगाराचा मोठा वाटा मिळायचा, हे सगळं ते गिऱ्हाइकांच्या देखत, खड्या आवाजात, कलमांच्या आकड्यांसकट सांगतात. एका कापड दुकानदाराने म्हणे त्यांच्या धास्तीने नोकरांना चपला पिशवीत घालून आत न्यायला लावलं. अप्पांनी पिशव्या मोजल्या.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगत अर्धा तास वरणासाठी खोळंबली, कारण अप्पांनी वाढपी मोजले होते आणि केटररला कोपऱ्यात घेऊन ते त्याची समजूत काढत होते. मी बोलवायला गेलो तर माझ्यावरच उखडले. "जेवण काय रोजचंच हाय. ह्यांच्यातल्या कुणाचा हात भाजला तर कोण बघंल?" नवं परिपत्रक निघालं की त्यांचा पहाटे फोन येतो. "उठलास का? बसून ऐक." कुणी गेलं की काय म्हणून मी अंथरुणात उठून बसतो, आणि मग कळतं की कुठलासा फॉर्म भरायची मुदत पंधरा दिवसांनी वाढली आहे.

आमची तुरीची डाळमिल. वडिलांनी तिथे कधीही नवाच्या वर माणसं ठेवली नाहीत. काम फारच वाढलं तर आईला डाळ निवडायला बसवायचे, पण दहावा माणूस नाही. त्यांच्यामागे मीही हा नेम निष्ठेने पाळला. अप्पा यायचे, नऊ जोड मोजायचे आणि "तुझा बाप लई हुशार होता," एवढं बोलून चहा न घेता निघून जायचे. ते कौतुक नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

मग आमच्याकडे डाळ निवडणाऱ्या कमलबाईंच्या मणक्याचं दुखणं निघालं. डावा पाय बधिर व्हायला लागला. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं नाही तर पाय कामातून जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, पण पुढे तीन महिने अंथरुणावर पडून राहायचं होतं. "तीन महिने मी निजून राहिले तर घरात काय शिजंल?" असं म्हणून बाई पुन्हा डाळीपुढे येऊन बसल्या. मी थोडे पैसे हातावर ठेवले आणि आपलं कर्तव्य झालं असं समजलो. अप्पांना हे कळलं त्या दिवशी मात्र त्यांनी चहा घेतला.

"एक माणूस वाढव," ते म्हणाले.

"अप्पा, मंदी आहे. दहाव्याला काम काय देऊ?"

"मी हाय की."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. वर्गणी सुरू झाल्यावर पगाराचा वाटा मिळायला नऊ महिने लागतात, म्हणजे वर्ष संपायच्या आत बाईंचं काम होतं. "उद्यापासून येतो," त्यांनी जाहीर केलं. यायचं कशाला, नुसतं नाव लिहितो की, असं मी म्हटलं मात्र, अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "खोटी हजेरी? माझी?"

तर अप्पा रोज नऊला कामावर येऊ लागले. वजनकाट्यापाशी उभे राहून पोती मोजायचे, पावत्या फाडायचे. पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःच्याच नावापुढे लाल शेरा मारायचे आणि दात काढायला जायचं तर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज द्यायचे. नऊ ते सहा मी 'मालक' आणि 'अहो' असायचो. सहा वाजून एक मिनिटाने "अरे गाढवा, एवढी ओलसर तूर कशाला घेतलीस?" अशी सुरुवात व्हायची. दहाव्या महिन्यात कमलबाईंचं ऑपरेशन झालं. तीन महिने पैसे थेट खात्यात आले. बाई स्वतःच्या पायांनी चालत मिलमध्ये आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अप्पा, तुमच्यामुळं चालाय लागले बघा." अप्पांनी त्यांच्याकडे कामावर रुजू व्हायला फिट असल्याचा डॉक्टरचा दाखला मागितला.

त्याला आता चार वर्षं होत आली. अप्पा अजून येतात. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कधीच्याच गेल्या आणि मुलगा बंगळुरूला असतो, दिवाळीला येतो. परवा नव्या कामगार कायद्यांची माहिती द्यायला मिलवाल्यांची बैठक होती, तिला मी गेलो. तिथले वकील बोलता बोलता म्हणाले की एकदा दहा माणसांमुळे ईएसआय लागू झालं, की पुढे माणसं कमी झाली तरी ते चालूच राहतं. नव्या कायद्यात तसं आहे आणि जुन्यातही तसंच होतं. म्हणजे आमचं रजिस्ट्रेशन झाल्यावर अप्पांना एक दिवसही यायची गरज नव्हती. आणि अप्पांना ठाऊक नसलेलं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नऊला आले. शर्टाला कडक इस्त्री, हातात डबा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, एखादा माणूस गेला आणि आपण नऊच उरलो, तर काय होईल हो?"

अप्पांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई अवघड होईल, मालक. समदं बंद पडंल."

इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलेला हा एकच चुकीचा नियम. मी हजेरीचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"मग तुम्ही नोकरी सोडू नका," मी म्हटलं.

"न्हाई सोडत," अप्पा म्हणाले आणि सही करून काट्याकडे गेले.