वाळलीय म्हणा

आमच्या निंबर्ग्याकडं अंगानं भरलेल्या लेकराला कुणी तोंडावर तसं म्हणत नाही. दृष्ट लागते. गाल गोबरे दिसले की हनुवटीला हात लावून म्हणायचं, "वाळलंय की लेकरू." आई काय समजायचं ते समजते आणि मनातून सुखावते. खरोखर वाळलेल्या लेकराला मात्र हे कुणी म्हणत नाही. त्याला "बरं दिसायलंय" म्हणतात.

माझी लेक सहा वर्षांची असताना तिच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. गाठ काढली, औषधं सुरू झाली आणि तिचं तोंड आतून सोलून निघालं. गव्हाची गोड हुग्गी नको, अंबील नको, पाणीसुद्धा नको. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध तिला झेपणार नाही. औषध थांबलं तर गाठ परत यायची भीती. रोज सकाळी तिला काट्यावर उभं करताना मी आकड्याकडं बघायचीच नाही.

शेजारच्या खाटेवर करजगीच्या एका अक्काचा मुलगा होता. त्याला रक्ताचा कॅन्सर, औषध वेगळं. त्या औषधानं त्याला सारखी भूक लागायची. कडक भाकरी दह्यात मोडून खायचा, वर शेंगाची चटणी मागायचा. गाल असे फुगले होते की डोळे बारीक दिसायचे. नर्सबाई म्हणायच्या, ती औषधाची सूज आहे. असेना का. मला तसली सूजही चालली असती. त्याच्या घासाघासाला माझ्या पोटात दुखायचं.

भेटायला येणारा जो तो अक्काला म्हणायचा, पोरगं लई वाळलंय. ती पदराआड हसायची. मग तेच लोक माझ्या लेकीकडं बघायचे आणि म्हणायचे, "बरी दिसायलीय." त्या 'बरी'चा मला इतका संताप यायचा की मी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला निघून जायची.

तोंड बरं होत आलं तेव्हा एका दुपारी लेकीनं अक्काच्या ताटातली दहीभाकरी मागितली आणि खाल्ली. माझ्या हातचं नको, तिच्या हातचं गोड. त्याचाही मला हेवा वाटला. पण काटा हलला. औषध पुढं सुरू झालं आणि पुरंही झालं.

पुढच्या वर्षी लेकीला तपासायला नेलं, तर अक्का त्याच वॉर्डात. मुलाचं दुखणं उलटलं होतं. त्याचे गाल गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती. अक्कानं माझ्या लेकीला जवळ ओढून हनुवटीला हात लावला.

"लई वाळली की गं तुझी पोरगी."

या शब्दासाठी मी किती जळले होते. आता माझी पाळी होती. मी मुलाकडं पाहिलं.

"बरा दिसायलाय," मी म्हणाले.

अक्का "व्हय" म्हणाली आणि त्याची चादर नीट करू लागली.