सिस्टरची खोली

नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि मी तो पुन्हा पुन्हा पाहत होते. आठ खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर, खाली हॉल, मागे स्वयंपाकघर, गच्चीवर कपडे वाळवायची सोय. सगळं होतं. फक्त मालकिणीला झोपायला कुठेच जागा नव्हती.

"सिस्टर, तुम्ही स्वतः कुठे राहणार?" मी विचारलं.

त्यांनी जिन्याखालच्या तिरप्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं खाट टाकीन ना. बराबर बसते. म्या मोजून पाह्यलं."

माझं डोकंच सटकलं. मी वर्ध्याची, इंटिरिअरचं काम शिकले पुण्यात, गिऱ्हाइकांशी बोलताना अगदी छापील बोलते. पण राग आला की आईकडची वऱ्हाडी आपोआप तोंडात येते. "काऊन? तुमी काय झाडू-बकेट हाये का, जिन्याखाली ठेवाले?"

त्या हसल्या. आयुष्यभर डॉक्टरांची बोलणी ऐकलेली बाई, माझ्या आवाजाने थोडीच हलणार!

त्यांना सगळी सावंगी 'सिस्टर' म्हणते, म्हणून मीही म्हणते. मूळच्या वडनेरच्या, आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. शाळेसाठी वसतिगृहात गेल्या, पुढे नर्सिंगच्या होस्टेलात, आणि नोकरी लागल्यावर क्वार्टरमध्ये, तेही दुसऱ्या एका सिस्टरबरोबर वाटून. लग्न केलं नाही. भाचे-भाच्यांना शिकवून मार्गी लावलं. रिटायर झाल्यावर सावंगीच्या मोठ्या दवाखान्याजवळ प्लॉट घेतला आणि ठरवलं, लांबून दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी राहण्याची जागा काढायची. पेशंट आत वॉर्डात आणि त्याची माणसं बाहेर व्हरांड्यात चादर टाकून पडलेली, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं.

"हॉटेलासारखं नीटनेटकं पाह्यजे," त्या म्हणाल्या होत्या, "पण माणूस रडून आला तर त्याले वाटलं पाह्यजे, आपल्याच मावशीकडे आलो."

माझं एरवीचं काम म्हणजे डॉक्टरांचे बंगले आणि हौशी लोकांची छोटी हॉटेलं. जाम गावच्या चौकात हायवेवर एकाने माझ्याकडे रिसेप्शनमध्ये धबधबा मागितला होता. खरंच! त्याच्यापुढे सिस्टरचं मागणं ऐकून मला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. धबधबा बसवता येतो. मावशी कशी बसवायची?

पण खोल्यांच्या बाबतीत आमचं मस्त जमलं. दवाखान्यासारखं पांढरं काही नको, हे दोघी एकदमच बोललो. भिंतींना ज्वारीच्या भाकरीचा रंग दिला. जुन्या बाजारातून सागवानी दारं शोधून आणली, घासूनपुसून पॉलिश केली. हळदी रंगाचे हातमागाचे पडदे, पिवळा उजेड, पायाखाली थंड कोटा फरशी. खिडकीत वाळ्याचा कूलर हवाच. आमच्याकडच्या मे महिन्यात त्याच्याशिवाय कसली मावशीची माया अन् कसलं काय! एक्स-रेचं मोठं पाकीट ठेवायला प्रत्येक पलंगाजवळ उभा कप्पा केला, म्हणजे ते सारखं डोळ्यांसमोर राहत नाही. वरच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आलं तरी घर तेच वाटलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता, आणि तो सिस्टरना न सांगता समजला. बाई फार गोड होत्या कामाला. पेंटरला त्या दुपारी ताक द्यायच्या आणि तिथेच त्याला भिंतीवरचा डागही दाखवायच्या.

वाद एकाच गोष्टीवर. खालची, कडुनिंबाकडे खिडकी असलेली खोली मी लाल पेनाने गोल करून टाकली. ही सिस्टरची. बाकी सात पाहुण्यांच्या.

"एक खोली म्हणजे एक कुटुंब वं माय," त्या म्हणाल्या. "ते कुठं जाईल?"

"जिन्याखाली," मी म्हटलं.

त्या रुसल्या. माझा फोन उचलेनात. मीही हट्टाला पेटले आणि पाहुण्यांच्या खोल्यांचं काम थांबवून ठेवलं. शेवटी त्या स्वतःच आल्या, हातात तिळाच्या चटणीची बरणी. "घे. अन् कर बाप्पा तुले काय करायचं ते."

मग खरी पंचाईत सुरू झाली. कोणता रंग आवडतो, असं विचारलं तर म्हणायच्या, "कोणताही चालते." पलंग कसा हवा? "कसाही." मी त्यांना वर्ध्याला कापडाच्या दुकानात घेऊन गेले. सात खोल्यांच्या चादरी त्यांनी चहा यायच्या आत निवडल्या, हात लावून, उलटून, धुतल्यावर रंग जाईल का ते दुकानदाराला दटावून विचारून. स्वतःची निवडायची वेळ आली आणि बाई उगाच घड्या करत बसल्या. मला तेव्हा एकदम कळलं, यांना आवड नाही असं नाही. यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी उगाचच दुकानदारावर ओरडले की पंखा वाढवा.

अखेर त्यांचा हात एका चादरीवर थांबला. राणी रंगाची, त्यावर पोपटी पानं आणि ही भली मोठी फुलं! माझी भाकरी, माझी हळद, माझं सागवान, सगळ्या रंगसंगतीची पार वाट लागली असती.

"ही लय भडक हाये ना?" त्यांनी घाबरत विचारलं.

"झक्कास हाये," मी म्हणाले, आणि त्याच कापडाचे पडदेही शिवायला टाकले. मेली ती रंगसंगती!

दाराच्या वेळी मात्र कहर झाला. सुतार म्हणाला, सिस्टरनी आतून कडी बसवायला मनाई केली आहे. शिवाय पॅसेजकडे एक खिडकी काढा म्हणतात, पलंगावरून बाहेरचं दिसेल अशी. झोपायच्या खोलीला वॉर्डावर नजर ठेवायची खिडकी! असली खोली सिस्टरच मागू जाणे. मी खिडकी रद्द केली आणि समोर उभं राहून पितळेची चांगली जाड कडी ठोकून घेतली.

उद्घाटन साधंच झालं. हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांना खीर वाटली. सिस्टरनी आपल्या खोलीचं दार उघडून वडनेरच्या बहिणीला राणी रंगाची चादर दाखवली. बहीण म्हणाली, "नवरीची खोली वाटून राह्यली." दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

कसलं काय! थोड्या दिवसांनी एका पडद्याचा रॉड सैल झाला म्हणून सकाळी गेले, तर जिन्याखाली खाट. खाटेवर घडी केलेली सोलापुरी चादर, उशाशी चष्मा. आणि सिस्टरच्या खोलीतून एक अनोळखी म्हातारे आजोबा दात घासत बाहेर आले.

मी सिस्टरना स्वयंपाकघरात गाठलं. "हे काय हाये?"

"सगळ्या रूम भरल्या होत्या. त्यांची बायको आयसीयूत हाये. त्यांना नाई कसं म्हणू?"

"अन् त्याच्या आधी? अन् परवा?"

त्या पोळी उलटत राहिल्या. मागाहून कळलं, आजोबा आदल्याच दिवशी आले होते. खाट पहिल्या दिवसापासून तिथे होती.

"मले सवय हाये वं."

"सवय गेली खड्ड्यात! तुमच्यासाठी खोली केली म्या, तिचं काय लोणचं घालू?"

मग त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले भेव वाटते तिथं. दार लावलं, अन् कोणी हाक मारली, अन् मले ऐकूच आली नाई, तर? इथं आलेल्या माणसाचं कवा काय होईन, सांगता येते का? जिन्याखाली कसं, पायाचा आवाज आला का मी उठून बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस मी त्यांच्याशी भांडत होते, आणि भांडण खोलीचं नव्हतंच. मला त्यांची फार माया आली. बाईने नोकरी सोडली होती, पण ड्युटी कुठे सोडली होती! त्यांना मिठी मारली, तर म्हणाल्या, "पिठाचे हात हायेत, ड्रेस खराब होईन."

त्याच आठवड्यात मी त्यांच्या दाराबाहेर एक घंटी लावली. बैलांच्या गळ्यातली असते तशी पितळेची, हिंगणघाटच्या बाजारातून आणलेली. दोरी पॅसेजमध्ये, आवाज थेट आत. विजेची बेल चालली असती, पण लाइट जाते, आणि सिस्टरचा विजेवर भरवसा नाही. त्यांनी दार लावून, आत पलंगावर झोपून, मला बाहेरून घंटी वाजवायला लावली. हळू वाजव. जोरात वाजव. वरच्या जिन्यावरून धावत येऊन वाजव. सगळं मनासारखं झाल्यावर बाहेर आल्या. "पाह्यतो," एवढंच म्हणाल्या. आजोबांची बायको वॉर्डात आली, मग घरी गेली, खोली रिकामी झाली. सिस्टर आत राहायला गेल्या की नाही, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची हिंमत झाली नाही.

पुढे एकदा जामच्या कामावर निघाले होते, सहज वाटेत थांबले. सकाळचे नऊ वाजून गेले होते. जिन्याखाली खाट नव्हती. स्वयंपाकघरात सिस्टर नव्हत्या. एक बाई चहा गाळत होती, यवतमाळकडची, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आलेली. दुसरी कोणी पाण्याचे माठ भरून ठेवत होती. मी सिस्टरच्या दाराकडे गेले. दार बंद. हलकेच ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

हाक मारायला तोंड उघडलं तोच यवतमाळच्या बाईने मागून माझा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या ताई," ती कुजबुजली. "सिस्टर झोपून राह्यल्या."

मी घंटीकडे पाहिलं. जाता-येता चुकून कोणाचा धक्का लागून वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला कोणीतरी रुमाल बांधून ठेवला होता.